मीटर म्हणतं ८ व्होल्ट, बोलायला गेलं की सेट बंद (गाडीतले जुने एलिमिनेटर)

घाटातला_आवाज (शनिवार, रात्री १०.४०)

मंडळी, मदत हवी आहे.

मागच्या महिन्यात ऑनलाइन एक लॉट उचलला. हँडसेटचे (म्हणजे हातातल्या वॉकीटॉकीचे) गाडीत वापरायचे बॅटरी एलिमिनेटर, ६ नग, वापरलेले, कुठल्याच कंपनीचं नाव नसलेले. जाहिरातीत ‘सर्व चालू स्थितीत’. आम्ही चौघं मित्र, चौघंही परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले (आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल). ताम्हिणी, वरंध, आंबेनळी असे घाट करतो. तीन गाड्या मागेपुढे असतात, पावसात मोबाइलची रेंज गेली की १४५ मेगाहर्ट्झवरच काय ते बोलणं होतं. सेटची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही, म्हणून हा उद्योग.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एलिमिनेटर म्हणजे बॅटरीच्याच आकाराचं पोकळ खोकं. सेटच्या पाठीला बॅटरीच्या जागी बसतं, त्यातून वायर निघते, वायरच्या टोकाला सिगरेट लायटरचा प्लग. गाडीचे १२-१४ व्होल्ट घेऊन सेटला ८ च्या आसपास द्यायचे, एवढंच त्याचं काम. सेट यूव्ही-५आर जातीचा, मूळ बॅटरी ७.४ व्होल्टची, पूर्ण भरली की ८.४.

नगांवर मार्करने १ ते ६ आकडे टाकलेत. १ आणि २ पूर्ण मेलेले. ३ वर सेट चालू होतो, ऐकू छान येतं, पण पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबून बोलायला लागलं की पंधरा-वीस सेकंदांत सेट बंद. थोड्या वेळाने आपोआप शुद्धीवर येतो. ४ वर पीटीटी दाबताक्षणी बंद, सोडलं की चालू. ५ चालतो, पण घरघर इतकी की स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) आपणहून उघडतो. ६ चालतो. का चालतो ते विचारू नका.

परत करायची मुदत सात दिवसांची होती, मी नवव्या दिवशी खोकं फोडलं. तेव्हा त्या बाजूने आशा नाही.

शंकासुर (शनिवार, रात्री ११.०५)

परवाना असल्याचं लिहिलंयत ते वाचलं. तरी शंका: अशा वस्तू ऑनलाइन विकणं कायदेशीर आहे का मुळात?

बिनतारी (शनिवार, रात्री ११.३०)

शंकासुर, एलिमिनेटर हा नुसता वीजपुरवठा. त्यातून लहरी सुटत नाहीत (५ नंबर सोडत असावा, ते वेगळं). परवाना लागतो सेटला आणि तो वापरणाऱ्या माणसाला. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे हॅमचा आहे. विनापरवाना चालतात ते ४४६.० ते ४४६.२ वरचे कमी ताकदीचे सेट, हे ५ वॅटवाले नव्हेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: फ्रिक्वेन्सी कुठली, परवाना लागतो की नाही, हे जाहिरातीत स्पष्ट लिहायचं. बाकी हॅमची परीक्षा बारा वर्षांचं पोरही देऊ शकतं. द्या की तुम्हीही.

आता मूळ विषयाकडे या रे कोणीतरी.

सोल्डरकाका (रविवार, सकाळी ६.५०)

घाटातले, लक्षण नीट लिहिलंयत, अर्धं काम झालं. तीन गोष्टी सांगा.

एक, मीटरने आउटपुट मोजलंत का? मोजलं असेल तर सेट लावून की मोकळं? दोन, ३ आणि ४ ची तऱ्हा इंजिन चालू असताना आणि बंद असताना सारखीच आहे का? तीन, ४ नंबर वापरल्यावर प्लगचं टोक हाताला कसं लागतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आठवून नको. गाडीत बसून, घड्याळ लावून द्या.

घाटातला_आवाज (रविवार, सकाळी ८.१५)

काका, मोजलं ना. ३, ४, ५, ६ चारही नग ८.० दाखवतात, एखादा ७.९. म्हणूनच तर डोकं चालेना. मीटर चांगला आहे.

मोकळंच मोजलं. सेट लावल्यावर मीटरचे प्रोब घालायला जागाच राहत नाही.

मिरजकर_वायरमन (रविवार, सकाळी ८.४०)

मोकळ्या मीटरवर काय जातंय राव. डिजिटल मीटर करंट घेतच नाही. गंजक्या वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो पुरे व्होल्टेज दाखवणार. आमच्याकडं रोजचं आहे हे: बॅटरीवर १२.५ दाखवतं, सेल्फ मारला की टिक.

ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्या, एलिमिनेटरच्या आउटपुटला लावा आणि मग मोजा. ८ व्होल्टवर तो दीडच्या आतबाहेर अँपिअर खातो, तुमचा सेट बोलताना खातो तेवढंच जवळपास. घरात पडलेला असतो, खर्च शून्य.

सोल्डरकाका (रविवार, सकाळी ९.०५)

वायरमन, लोड लावून मोजायचं ते शंभर टक्के बरोबर. बल्बला मात्र माझा विरोध. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो. पहिल्या क्षणी तो इतकं ओढतो की चांगला रेग्युलेटरही (एलिमिनेटरमधला व्होल्टेज आवरणारा भाग) बावचळून करंट आवरता घेईल, आणि घाटातले चांगल्या नगाला रोगी ठरवतील.

५.६ ओहम, १० वॅटचा सिमेंटचा पांढरा रेझिस्टर आणा. ८ भागिले ५.६, म्हणजे १.४३ अँपिअर. सेट हाय पॉवरवर साधारण तेवढंच घेतो. रेझिस्टरवर ११ वॅटहून जास्त उष्णता पडेल, म्हणजे क्षमतेपेक्षा किंचित जास्त, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवू नका. आणि सीटवर ठेवू नका! फरशीच्या तुकड्यावर ठेवा.

मिरजकर_वायरमन (रविवार, सकाळी ९.१२)

मान्य. आमचे रोगी बल्बला घाबरत नाहीत, ही तुमची नाजूक मंडळी.

अनुजा_७३ (रविवार, सकाळी ९.५०)

थांबा, थांबा. १ आणि २ मेलेत म्हणून तुम्ही आता त्यांचे फ्यूज बदलणार, आणि चालू झाले की थेट सेटला लावणार. मी हेच केलं होतं.

माझ्याकडचा नगही जुनाच, मेलेला. प्लगचं टोक फिरवून उघडलं, आत काचेचा फ्यूज उडालेला. नवा घातला, सेट लावला, चालूही झाला. दोन मिनिटं ‘झालं दुरुस्त’ म्हणून खूश होते. मग गोड-करपट वास आला. रेग्युलेटर आतून आरपार शॉर्ट झाला होता, गाडीचे १४ व्होल्ट जसेच्या तसे सेटमध्ये. फ्यूज त्याच वेळी उडालेला होता आणि मी त्याची साक्ष न घेता त्याला बदलून टाकलं. एलिमिनेटर वाचवायला गेले, सेट घालवला.

फ्यूज बदलल्यावर आधी मीटर, मग रेझिस्टर, मग शेवटी सेट. कृपया.

जुनाबाजार (रविवार, दुपारी १२.२०)

अवांतर: एलिमिनेटर शब्द वाचून बरं वाटलं. आमच्या घरी ट्रान्झिस्टरला होता, काळा चौकोनी ठोकळा, वर ३, ४.५, ६, ९ असं फिरवायचं बटण. तो लावला की विविध भारतीच्या मागे सतत एक भुंगा. वडील म्हणायचे, भुंगा फुकट मिळालाय. सेल महाग होते तेव्हा.

चालू द्या. धागा वाचतोय, वाखूसा (वाचनखूण साठवली).

घाटातला_आवाज (रविवार, रात्री ९.३०)

सकाळी तपकीर गल्ली (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) बंद, म्हणून एका मित्राच्या डब्यातून रेझिस्टर आणला. दुपारभर गाडीत बसून होतो. सोसायटीच्या वॉचमनने दोनदा येऊन विचारलं, ‘साहेब, गाडी बंद पडली का?’ आता निकाल. हे चकित करणारं आहे, नीट वाचा.

३ नंबर. रेझिस्टर लावला, सुरुवातीला बरोबर ८.०. इंजिन चालू असताना १७ सेकंदांनी आउटपुट धाडकन खाली. गार होऊ दिला, इंजिन बंद करून पुन्हा: ३४ सेकंद टिकला! म्हणजे गाडीचं व्होल्टेज जास्त तेव्हा लवकर मरतो. सेट लावून लो पॉवरवर बोललो तर दीड मिनिट तग धरला.

४ नंबर बरोबर उलटा. इंजिन बंद असताना आउटपुट ६.६. इंजिन चालू केलं की ७.९, आणि सेट लावून मजेत बोलता आलं. मी आजवर तो पार्किंगमध्येच तपासत होतो, त्यामुळे कधी चालल्याचं दिसलंच नाही. काका, तुमचा तिसरा प्रश्न: प्लगचं टोक चटका बसेल इतकं तापलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

१ नंबर: फ्यूज चांगला. वायर खोक्यात शिरते तिथे रबरी मानेजवळ हलवली की मीटर जागा होतो आणि पुन्हा झोपतो. तार आत तुटलेली.

२ नंबर: फ्यूज उडालेला. नवा घातला, मीटर लावला... १२.४. इंजिन बंद असताना. अनुजाताई, तुमच्यामुळे माझा सेट वाचला. शब्दच नाहीत.

सोल्डरकाका (रविवार, रात्री १०.१०)

मला कसं कळलं? कारण मीही भाजून घेतलंय.

३ नंबर उघडा. आत तीन पायांचा ७८०८ रेग्युलेटर निघेल आणि त्याला हीटसिंक नसेल. ही जात वरचं व्होल्टेज उष्णता करून जाळते. इंजिन चालू असताना गाडी १४.२ देते, त्यातून ८ वजा केले की ६.२ उरले, गुणिले १.४ अँपिअर, झाले ८.७ वॅट. हीटसिंकशिवाय ती चिप दीड-दोन वॅट पचवते. बंद प्लास्टिकच्या डबीत तेवढंही नाही. आतलं तापमान १५० अंशांच्या आसपास गेलं की ती स्वतःला बंद करून घेते, गार झाली की उठते. इंजिन बंद, १२.३ व्होल्ट, म्हणजे ६ वॅट. म्हणून तुमचे ३४ सेकंद. हा बिघाड नाहीच, जन्मापासून असाच आहे तो. बनवणाऱ्याने ‘ऐकू आलं ना, झालं’ एवढंच बघितलं.

४ मध्येही तसाच रेग्युलेटर असणार, पण त्याचं दुखणं बाहेर आहे. खोकं उघडून त्याच रेझिस्टरवर सर्किटच्या तोंडाशी किती व्होल्ट पोचतात ते मोजा.

घाटातला_आवाज (सोमवार, रात्री ८.५०)

उघडले दोन्ही. ३ मध्ये ७८०८, पायांवर उभा, टेकायला काही नाही, समोरचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं.

४: इंजिन बंद, सॉकेटवर १२.१, सर्किटच्या तोंडाशी ८.६. साडेतीन व्होल्ट वाटेतच गायब! इंजिन चालू: १४.१ आणि ९.८.

सोल्डरकाका (सोमवार, रात्री ९.२०)

झालं तर. आउटपुट ६.६ म्हणजे करंट जवळजवळ १.२ अँपिअर. साडेतीन व्होल्ट भागिले १.२, साधारण ३ ओहम. चांगल्या वायरीत याचा दहावा हिस्साही नसावा. आणि ७८०८ ला ८ द्यायला आत किमान १० लागतात, दोन व्होल्ट तिची दलाली. ८.६ आले तर ६.६ च मिळणार. इंजिन चालू केल्यावर जेमतेम पुरतं.

प्लग उघडा. टोकाची स्प्रिंग निळी-काळी पडून मऊ झाली असेल. फ्यूजच्या टोप्यांवर गंज, बाजूची पत्र्याची पाकळी ढिली. पॉलिश पेपरने घासून दोन दिवस चालेल, मग परत तेच. प्लगच कापून टाका. थेट बॅटरीवरून जोडा, बॅटरीच्या जवळच ३ अँपिअरचा फ्यूज, जाड वायर.

तपकीरगल्ली (सोमवार, रात्री ९.४५)

म्हणजे ४ चा सडका प्लग ३ ला लावला असता तर अर्धी उष्णता प्लगात गेली असती आणि ३ सुधारला असता? 😀

सोल्डरकाका (सोमवार, रात्री ९.५८)

हसताय, पण हिशोबाने तसंच आहे. एकाचा रोग दुसऱ्याचं औषध. तरी करू नका. डॅशबोर्डात निखारा ठेवल्यासारखं ते.

मिरजकर_वायरमन (मंगळवार, सकाळी ७.३०)

२ नंबर उघडला का? आतला इनपुटचा कपॅसिटर फुगलाय का बघा, आणि त्यावर किती व्होल्ट छापलेत ते सांगा.

घाटातला_आवाज (मंगळवार, सकाळी ८.०५)

फुगलाय. डोक्यावर टेंगूळ, बुडातून तपकिरी चिकट काहीतरी आलंय. छापलंय १६ व्होल्ट.

मिरजकर_वायरमन (मंगळवार, सकाळी ८.३०)

मग हा लॉट कारमधला नाहीच. कारच्या १४.४ वर १६ चा कपॅसिटर कुरकुरत का होईना दिवस काढतो. असं टेंगूळ येतं ते २४ व्होल्टच्या गाडीत: ट्रक, टिपर, मोठा जेसीबी. चालू गाडीत तिथं २८ असतात. लायटरचं सॉकेट दिसायला सारखंच, ड्रायव्हरला काय कळणार, घातला प्लग. २८ वर तुमची ती ७८०८ एका वाक्यात झोपणार. कपॅसिटर फुटणार, एखादी चिप शॉर्ट होणार. ‘चालत नाही’ म्हणून काढून खोक्यात टाकले आणि खोकं विकलं. विचारा विकणाऱ्याला.

घाटातला_आवाज (मंगळवार, रात्री ९.१५)

विचारलं. उत्तर: ‘सर, क्रशरच्या गाड्यांवरचे आहेत, ऐकायला एकदम क्लिअर होते.’ ऐकायला! खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

त्या गाड्यांवर कुठला परवाना होता, हे मी विचारलं नाही. शंकासुरांनी विचारावं.

आता ५ नंबर. याच्यात छोटी कॉइल आणि आठ पायांची चिप आहे, ७८०८ नाही. तापत अजिबात नाही, पण घरघर.

सोल्डरकाका (मंगळवार, रात्री ९.४०)

तो स्विचिंगवाला. वरचं व्होल्टेज जाळत नाही, सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून कमी करतो, म्हणून गार राहतो. ३४०६३ जातीची चिप असेल तर शंभर किलोहर्ट्झपर्यंत, २५९६ असेल तर दीडशे. त्या तोडफोडीचे तुकडे वर १४५ पर्यंत उडतात आणि सेट त्यांनाच स्टेशन समजतो. फेराइटचा क्लिप-ऑन (वायरीवर बसणारी, घरघर अडवणारी कडी) घ्या, सेटच्या अगदी जवळ वायरीचे तीन-चार वेढे त्यातून काढा. अँटेना मॅग्नेटवर टपावर न्या. रबराची अँटेना लावून सेट मांडीवर धरलात तर घरघर येणारच.

अनुजा_७३ (मंगळवार, रात्री १०.०५)

त्याआधी एक: सेट मूळ बॅटरीवर चालवा, एलिमिनेटर गाडीतून काढूनच ठेवा, आणि तरी घरघर आहे का बघा. त्या गाडीत डॅशकॅम असेल तर तोही उपटा.

आणि आवाज अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वरखाली होणारी ‘कुंईंई’ असेल तर ते तिसरंच प्रकरण, अल्टरनेटरचं.

घाटातला_आवाज (बुधवार, रात्री ८.३०)

ताई, तुम्ही आमच्या गाडीत बसून गेलात का कधी? डॅशकॅमच होता! पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त घरघर त्याच्या चार्जरची. तो उपटला आणि फेराइट लावलं, आता ५ नंबरवर नेहमीचा रिपीटर (आपलं बोलणं पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) स्वच्छ येतो. लांबचं कमजोर स्टेशन अजून बुडतं. तेवढं चालवून घेतो.

बंगळूरकर (बुधवार, रात्री ९.००)

उशिरा येतोय. माझा सेट हाय पॉवरवर बोलताना अडकून बसायचा, लो वर नाही. मीही एलिमिनेटरलाच शिव्या देत होतो. शेवटी अँटेनाच्या जागी डमी लोड (लहरी न सोडता ताकद पचवणारा खोटा भार) लावून पाहिला, तर हाय वरही काही होईना. म्हणजे वीज पुरेशी होती. गाडीतल्या रबरी अँटेनाच्या लहरी पुरवठ्याच्या वायरीवरून मागच्या दाराने आत शिरत होत्या. अँटेना टपावर गेली, प्रश्न मिटला.

घाटातला_आवाज (रविवार, रात्री ९.१०)

अंतिम स्थिती.

१: मान कापून वायर नव्याने जोडली. मीटर, रेझिस्टर, मग सेट, याच क्रमाने. आतून हाही स्विचिंगवाला निघाला, चालतोय.

३: ७८०८ काढून फेकली. गल्लीतून २५९६ चं तयार मॉड्यूल आणलं. प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा स्क्रू) फिरवून आधी ८.० वर आणलं, त्यावर रंगाचा ठिपका दिला, म्हणजे हादऱ्याने फिरलं तर कळेल. काकांच्या सांगण्यावरून (फोनवर बोललो) खोक्यात न घालता मीटरभर लांब, प्लगच्या बाजूला पत्र्याच्या डबीत बसवलं. डबी मुखवासाची आहे, वाहनात अजून बडीशेपेचा वास येतो. आउटपुटला ९.१ व्होल्ट, ५ वॅटचा झेनर (त्याहून जास्त व्होल्टेज आलं की करंट स्वतःकडे वळवणारा डायोड) टाकलाय आणि वाटेत २ अँपिअरचा फ्यूज. मॉड्यूल आरपार गेलं तर झेनर शॉर्ट होऊन फ्यूज उडेल, सेट वाचेल. काल ताम्हिणीत सलग दोन मिनिटं बोललो, पलीकडचा म्हणाला, ‘आता पुरे.’

४: प्लग कापला, थेट बॅटरीवर घेतला. इंजिन बंद असतानाही बोलता येतं, मात्र आत ७८०८ च आहे, म्हणून ‘ऐकण्यासाठी आणि छोट्या वाक्यांसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवलीय. ५ बद्दल आधी लिहिलंच आहे.

६ उघडायचा होता, बायको म्हणाली चालतंय त्याला हात लावू नकोस.

२: सर्किट काढून टाकलं. आता नुसतं रिकामं खोकं आहे, पितळी संपर्क मात्र नव्यासारखे.

तपकीरगल्ली (रविवार, रात्री ९.३५)

ते खोकं फेकू नका. माझ्या एलिमिनेटरचं झाकण तुटलंय, फक्त आकारच हवाय. कुरिअरचे पैसे देतो.

घाटातला_आवाज (रविवार, रात्री ९.४०)

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुखवासाची डबी मिळणार नाही.